खग्रास चंद्रग्रहणाच्या पाच वेळा: कोष्टक वाचण्यापासून गच्चीवर जाण्यापर्यंत

शतकातलं सगळ्यात लांबलेलं खग्रास चंद्रग्रहण मी चुकवलं, तेही वहीत वेळ लिहून ठेवलेली असताना. वहीत होतं: 'ग्रहणमध्य २८ जुलै २०१८, १.५२'. त्याप्रमाणे शनिवारी २८ तारखेला जेवून गजर लावला आणि मध्यरात्रीनंतर छत्री घेऊन गच्चीवर गेलो. ग्रहण शुक्रवारची रात्र उलटल्यावरच होऊन गेलं होतं. २८ तारखेचे १.५२ म्हणजे शुक्रवारी झोपल्यानंतरचे, शनिवारी झोपल्यानंतरचे नव्हेत. आषाढ असल्यानं शुक्रवारी तरी काय दिसलं असतं म्हणा, पण घरात अजून कुणी छत्री उचलली की विचारतात, "काय, ग्रहणाला निघालात का?"

त्या फजितीनंतर मी ग्रहणाचं कोष्टक नीट वाचायला शिकलो. वर्तमानपत्रातल्या बातमीवर, आलेल्या व्हॉट्सॲपवर न विसंबता आपल्या गावात ग्रहण दिसणार का, किती वाजता आणि कोणत्या रात्री, हे स्वतः काढता येतं. गणित म्हणाल तर चौथीतलं. उदाहरणासाठी ३१ डिसेंबर २०२८चं ग्रहण घेऊ. भारतभर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसणार आहे, हिवाळ्यात आहे आणि संध्याकाळनंतर सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपणार आहे. महाराष्ट्रासाठी इतकं सोयीचं ग्रहण क्वचितच येतं.

पाच शब्द, पाच वेळा

आपल्या पंचांगात खग्रास ग्रहणाच्या पाच वेळा दिलेल्या असतात: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. शब्द जुने असले तरी अतिशय नेमके आहेत.

स्पर्श म्हणजे पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या कडेला लागली तो क्षण. संमीलन म्हणजे चंद्र सावलीत पूर्ण बुडाला, डोळा मिटला. इथून खग्रास स्थिती सुरू. मध्य म्हणजे चंद्र सावलीच्या केंद्राच्या सगळ्यात जवळ. उन्मीलन म्हणजे डोळा उघडला, पहिली प्रकाशाची रेघ दिसली. आणि मोक्ष म्हणजे सावलीची शेवटची कड सुटली. खंडग्रास ग्रहणात डोळा पुरता मिटतच नाही, म्हणून तिथे संमीलन-उन्मीलन नसतं. स्पर्श, मध्य, मोक्ष एवढंच.

३१ डिसेंबर २०२८च्या वेळा, भारतीय प्रमाणवेळेनुसार, सगळ्या रात्रीच्या:

स्पर्श ८.३७
संमीलन ९.४६
मध्य १०.२२
उन्मीलन १०.५७
मोक्ष १२.०६ (तोवर १ जानेवारी २०२९ उजाडलेलं, निदान घड्याळात)

म्हणजे खग्रास स्थिती ७१ मिनिटं आणि स्पर्शापासून मोक्षापर्यंत साधारण साडेतीन तास. दोन ठिकाणच्या कोष्टकांत एखाद्या मिनिटाचा फरक सापडला तर गोंधळू नका. पृथ्वीला वातावरण असल्यामुळे सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी नसते. हे वातावरण सावली किती वाढवतं, याचा हिशेब करण्याच्या एकाहून जास्त रीती आहेत आणि त्यांची उत्तरं मिनिटाभरानं पुढेमागे येतात.

कोष्टकात स्पर्शाच्या आधी आणि मोक्षाच्या नंतर आणखी एकेक वेळ असते. ती विरळ सावलीची, म्हणजे गडद सावलीभोवतीच्या फिकट सावलीची. चंद्र संध्याकाळी साडेसातच्या सुमारास विरळ सावलीत शिरेल, पण साडेसातला बघाल तर काहीही दिसणार नाही. ती जाणवायला लागते स्पर्शाआधी वीस-तीस मिनिटं, तीही चंद्राची एक बाजू जरा मळकी दिसतेय एवढीच. चंद्र नुसता विरळ सावलीतून गेला तर त्याला छायाकल्प ग्रहण म्हणतात. २०२७ साली चंद्रग्रहणं तीन आहेत आणि तिन्ही छायाकल्प. त्यांच्यासाठी झोप मोडू नका. पंचांगंही छायाकल्पाचे वेध सांगत नाहीत आणि याबाबतीत मी पंचांगाच्या बाजूचा आहे.

घड्याळ एकच, क्षितिज ज्याचं त्याचं

'पुण्यात ग्रहण किती वाजता आणि नागपुरात किती वाजता?' हा प्रश्न दर ग्रहणाला येतो. सूर्यग्रहणासाठी तो बरोबर आहे. तिथे चंद्राची छोटी सावली जमिनीवरून धावत जाते, त्यामुळे गावागणिक वेळ बदलते. चंद्रग्रहणात सावली चंद्रावर पडलेली असते. ती पुण्याहून बघा नाही तर नागपूरहून, चंद्र एकच आणि त्याच्यावरचा डागही एकच. स्पर्श झाला की तो पृथ्वीच्या अर्ध्या भागाला एकाच क्षणी झालेला दिसतो. फरक पडतो दोनच गोष्टींनी: तुमच्या भिंतीवरचं घड्याळ कोणत्या देशाचं आहे, आणि त्या क्षणी चंद्र तुमच्या क्षितिजाच्या वर आहे का.

पहिल्याचं उत्तर बेरीज-वजाबाकी. परदेशी संस्थांची कोष्टकं जागतिक वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ आली. २०२८चा मध्य जागतिक वेळेनं १६.५२, अधिक ५.३०, म्हणजे २२.२२, रात्रीचे १० वाजून २२ मिनिटं. बेरीज २४च्या पुढे गेली तर २४ वजा करा आणि तारीख एकानं वाढवा. इथेच माणसं घसरतात. २०१८चा मध्य होता २७ तारखेच्या २०.२२ला, अधिक ५.३०, म्हणजे २५.५२, म्हणजे २८ तारखेचे १.५२. यावर उपाय म्हणून मी आता तारीख लिहीतच नाही, 'शुक्रवार रात्रीचं जेवण झाल्यावर' असं लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून सोपं आहे. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. म्हणून तुमच्या गावात ज्या वेळी अंधार आहे, त्या वेळातलं ग्रहण तुमचं. बाकीचं दुसऱ्यांचं.

३ मार्च २०२६चं खग्रास ग्रहण हे समजून घ्यायला फार चांगलं आहे. भारतीय वेळेनं उन्मीलन संध्याकाळी ५.३३, मोक्ष ६.४७. त्या दिवशी मुंबईत सूर्यास्त पावणेसातच्या आगेमागे, म्हणजे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण संपल्यातच जमा. नागपुरात सूर्य ६.२०च्या सुमारास मावळतो. तिथे अर्धवट ग्रासलेला चंद्र उगवतो आणि वीस-पंचवीस मिनिटं हाती लागतात. गुवाहाटीत चंद्र साडेपाचच्या आत उगवतो, त्यामुळे तिथे खग्रास स्थितीची शेवटची काही मिनिटं क्षितिजावर सापडतात. ग्रहण एक, मोक्ष सगळ्यांना ६.४७ला, पण मुंबईकराला जवळजवळ भोपळा, नागपूरकराला अर्धी भाकरी आणि गुवाहाटीला तिच्यावर तूप.

अशा, ग्रासलेल्या अवस्थेत उगवणाऱ्या चंद्राला ग्रस्तोदित म्हणतात. तसाच मावळला तर ग्रस्तास्त. ग्रस्तोदिताबद्दल अनुभवाचा एक सल्ला. ३१ जानेवारी २०१८ला मुंबई-पुण्याकडे चंद्र उगवला तोच पूर्ण ग्रासलेला. पूर्व क्षितिजाकडे डोळे लावून बसलेल्यांना पहिली पंधरावीस मिनिटं काहीच दिसेना, कारण संधिप्रकाशात तांबूस-काळपट चंद्र विरघळून जातो. चंद्र उगवलाच नाही म्हणून काही मंडळी घरी गेली. त्यांनी थोडी कळ काढायला हवी होती. खग्रास स्थिती ७.३७पर्यंत होती आणि अंधार पडल्यावर चंद्र छान दिसला.

आता हेच २०२८ला लावा. ३१ डिसेंबरला पुण्यात सूर्यास्त सहाच्या जरा पुढे. स्पर्श ८.३७ला, तोवर चंद्र चांगला वर. मोक्षाला तर तो डोक्यावर आलेला. कोल्हापूर असो, पणजी असो नाही तर गोंदिया, एक मिनिटही वाया नाही.

परदेशातल्यांसाठी: दुबईत मध्य ३१ तारखेच्या रात्री ८.५२ला. सिंगापुरात १ जानेवारीला मध्यरात्रीनंतर १२.५२ला, सिडनीत पहाटे ३.५२ला. लंडनमध्ये मध्य दुपारी ४.५२ला येतो आणि चंद्र चारच्या आसपास उगवतो, म्हणजे तिथे ग्रस्तोदित. पूर्वेला मोकळं क्षितिज शोधावं लागेल. न्यू जर्सीत तेव्हा ऐन दुपारचे बारा वाजायला आलेले असतील. तिथल्यांनी २५ जून २०२९ची रात्र राखून ठेवावी: खग्रास स्थिती त्यांच्या घड्याळानं रात्री १०.३१ ते १२.१३, आणि ते ग्रहण आपल्याला दिसणार नाही कारण इथे सकाळ झालेली असेल. फिटंफाट.

पडताळा घ्यायचा तर भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पौर्णिमा संपण्याची वेळ आणि ग्रहणमध्य एकमेकांच्या अगदी शेजारी असतात. ७ सप्टेंबर २०२५ला भाद्रपद पौर्णिमा रात्री ११.३८च्या सुमारास संपली आणि ग्रहणमध्य होता ११.४२ला. कुणी पाठवलेल्या संदेशातली वेळ पौर्णिमा समाप्तीपासून तासन्‌तास दूर असेल, तर तो संदेश पुढे ढकलू नका.

दर पौर्णिमेला का नाही

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे. पौर्णिमेला चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. राक्षसाचं धड आणि डोकं ही गोष्ट झाली. पंचांगकर्त्याच्या लेखी ते पहिल्यापासून गणितातले बिंदूच आहेत. पृथ्वीची सावली चंद्राला झाकते हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट लिहिलं. आणि आपल्या कोकणात, मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं, त्यात ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) भानगड टाळून साध्या अंकगणितानं ग्रहण काढायची रीत दिली. पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावर चालली. ग्रहण काढणारा आणि 'दे दान सुटे गिराण' ऐकून सूप पुढे करणारा, दोघेही एकाच गावात राहत होते.

पौर्णिमा राहू-केतूंपैकी एकाजवळ आली की ग्रहण. अशी वेळ सहा महिन्यांच्या जरा आत येते, आणि सहा पौर्णिमा म्हणजे १७७ दिवस. ७ सप्टेंबर २०२५ला खग्रास. १७७ दिवस मोजा, ३ मार्च २०२६, पुन्हा खग्रास. आणखी सहा पौर्णिमा पुढे २८ ऑगस्ट २०२६, मोठं खंडग्रास (आपल्याकडे तेव्हा सकाळ). पुढची उडी फेब्रुवारी २०२७वर आणि तिथे उरतं नुसतं छायाकल्प. म्हणजे ही साखळी हळूहळू सावलीबाहेर सरकते, मग पौर्णिमा एखादा महिना अलीकडे घेऊन नवी साखळी सुरू होते. एक ग्रहण कळलं की पुढचं सहा पौर्णिमांनी किंवा कधी पाच पौर्णिमांनी, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज बांधता येतो.

अठरा वर्षं, अकरा दिवस, आठ तास

खरी गंमत मात्र सारोस चक्रात आहे. ग्रहण तसंच्या तसं परत यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पौर्णिमा, चंद्राचं राहू-केतूशी येणं, आणि पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर. २२३ पौर्णिमा म्हणजे ६५८५.३२ दिवस. चंद्राच्या राहूशी २४२ फेऱ्या म्हणजे ६५८५.३६ दिवस. पृथ्वीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून पुन्हा तिथपर्यंत २३९ फेऱ्या म्हणजे ६५८५.५४ दिवस. तिन्ही आकडे अर्ध्या दिवसाच्या आत येतात. तेव्हा ६५८५ दिवस आणि आठ तासांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस ८ तासांनी (मध्ये लीप वर्षं पाच आली तर १० दिवस) जवळपास जुळ्या भावासारखं ग्रहण परत येतं. बाबिलोनच्या लोकांना हे ठाऊक होतं.

त्या शेवटच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश वळते. म्हणून पुढचं भावंड आपल्याकडे न दिसता पश्चिमेकडे १२० अंश दूर दिसतं. तीन वेळा असं झालं की २४ तास भरतात आणि ५४ वर्षं आणि महिनाभरानं ग्रहण पुन्हा आपल्या अंगणात येतं.

एक वही घ्या आणि २०२८च्या ग्रहणाचं घराणं मांडा. सारोस १२५ असा त्याचा क्रमांक आहे. एकूण ७२ ग्रहणांची ही मालिका ११६३ साली सुरू झाली आणि २४४३ साली संपेल. मध्याच्या वेळा भारतीय घड्याळानं:

२९ नोव्हेंबर १९७४, रात्री ८.४३
१० डिसेंबर १९९२, पहाटे ५.१४
२१ डिसेंबर २०१०, दुपारी १.४७
३१ डिसेंबर २०२८, रात्री १०.२२
१२ जानेवारी २०४७, सकाळी ६.५५

उजवीकडचा रकाना वाचा. रात्र, पहाट, दुपार, पुन्हा रात्र. २०१०चं आपल्याला दिसलंच नाही, भरदुपारी झालं. १९७४चं मात्र भारतात ऐन रात्री पहिल्या प्रहरात झालं, आणि २०२८चं त्याचंच ५४ वर्षांनी येणारं रूप. घरात पासष्टीच्या पुढचं कुणी असेल तर विचारून पाहा, दिवाळीनंतर थंडीच्या सुरुवातीला लाल चंद्र बघितल्याचं आठवतंय का. माझ्या आईला चंद्र आठवत नाही. रात्रीचा स्वयंपाक दुपारीच उरकावा लागला आणि दुधात तुळशीपत्र टाकलं होतं, हे आठवतं.

१९९२च्या भावंडाची कथा निराळी. जून १९९१मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची धूळ व गंधकाचे कण वातावरणाच्या वरच्या थरात तरंगत होते. त्यामुळे त्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला की शोधावा लागला. म्हणजे सारोस वेळ सांगतो, रंग सांगत नाही. रंगाचं उत्तर त्या रात्रीच्या पृथ्वीच्या हवेत असतं: सावलीत पोचणारा जो काही उजेड आहे तो पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून, गाळून आलेला असतो. निळा रंग वाटेत विखुरतो, तांबडा पोचतो. जगभरातले त्या क्षणीचे सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त चंद्रावर पडलेले असतात.

प्रत्यक्ष रात्री

सामान फार लागत नाही. सतरंजी, शाल, ७×५० किंवा १०×५०ची दुर्बीण असल्यास उत्तम, वही-पेन्सिल, आणि टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद. डोळ्यांना काहीही लावायची गरज नाही; चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी कितीही वेळ बघा. उपास-वेध पाळायचे की नाही हे ज्याचं त्याचं, पण थर्मास भरून ठेवा, थंडी असेल.

सव्वाआठला गच्चीवर जा. चंद्र पूर्वेला मिथुन राशीत असेल, त्याच्या उजवीकडे वर मृग नक्षत्र आणि दक्षिणेकडे खाली व्याधाचा तारा. या वेळी मृगातले किती तारे दिसतात ते मोजून वहीत लिहा. शहरात पौर्णिमेच्या उजेडात ठळक तेवढेच दिसतील. हा आकडा पुढे लागणार आहे.

८.३७च्या आधी चंद्राच्या खालच्या कडेवर लक्ष ठेवा. चंद्र स्वतःच्या कक्षेत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत सावलीत शिरतो, म्हणून त्याची पूर्वेकडची कड आधी काळवंडते. आणि उगवतीच्या आकाशात पूर्व म्हणजे खाली. पहिली पाच मिनिटं खात्री वाटणार नाही. मग एकदम वाटते, कुणी लाडवाचा तुकडा मोडल्यासारखी. सावलीची कड कायम गोल असते, हे मुद्दाम बघा. पृथ्वी गोल असल्याचा डोळ्यांनी दिसणारा एवढा सरळ पुरावा घरबसल्या दुसरा मिळत नाही.

नऊच्या पुढे, चंद्र अर्ध्याहून जास्त झाकला गेला की सावलीतला भाग राखाडीचा तांबूस व्हायला लागतो. ९.४०च्या सुमारास दुर्बीण हातात हवीच. संमीलनाच्या जरा आधी उजळ तुकडा आणि लाल भाग यांच्या सीमेवर निळसर-हिरवट पट्टा दिसतो, पृथ्वीच्या ओझोन थरातून आलेला उजेड. नुसत्या डोळ्यांना तो सहसा दिसत नाही.

९.४६ला डोळा मिटला की लगेच चंद्राचे फोटो काढत बसू नका. आधी आजूबाजूला बघा. चांदणं गेलेलं असतं, गच्चीवरची तुमची सावली गेलेली असते, आणि मृगातले तारे परत मोजा. आकडा दुप्पट-तिप्पट होतो. पौर्णिमेच्या रात्री अमावास्येचं आकाश मिळतं ते याच सव्वा तासात.

मग रंग लिहा. फ्रेंच खगोलज्ञ आंद्रे दांजाँनं १९२१ साली एक सोपी पट्टी दिली. शून्य: चंद्र जवळजवळ दिसेनासा. एक: काळपट राखाडी, डाग मुश्किलीनं ओळखू येतात. दोन: गंजलेल्या लोखंडासारखा, मध्ये काळोखा. तीन: विटकरी, कडेला पिवळसर. चार: तांब्याचा नाही तर संत्र्याचा उजळ रंग. अंक उघड्या डोळ्यांनी द्यायचा, १०.२२च्या आगेमागे. शेजाऱ्याचा अंक वेगळा येईल, येऊ द्या; दोन्ही लिहा. ७ सप्टेंबर २०२५ला ढगांच्या फटीतून मिळालेल्या दहा मिनिटांत मी तीन लिहिले होते आणि माझ्या भाच्यानं 'गाजर हलवा'. त्याचं वर्णन जास्त नेमकं होतं.

चंद्र या वेळी सावलीच्या मध्याच्या उत्तरेकडून जातोय, त्यामुळे खग्रास स्थितीतही उत्तरेची, म्हणजे पूर्वेला तोंड केल्यावर डावीकडची बाजू उजळ राहील आणि उजवी जास्त काळी.

१०.५७ला उन्मीलन. जी कड आधी बुडाली तीच आधी बाहेर येते, म्हणून पुन्हा पूर्वेकडच्या कडेवर बघा. बहुतेक मंडळी इथे खाली उतरतात. हरकत नाही, पण थांबलात तर मोक्ष डोक्यावर दिसेल, मान पूर्ण मागे टाकून. फक्त शहरात १२च्या ठोक्याला फटाके सुरू होतील आणि मोक्ष आहे १२.०६ला. धुराच्या आधी जे बघायचं ते बघून घ्या, किंवा सरळ गावी जा.

फोटोबद्दल थोडक्यात. फोन हातात धरून खग्रास चंद्राचा फोटो येत नाही, कारण उजेड पौर्णिमेच्या दहा हजार पटींहूनही कमी झालेला असतो. फोन विटेला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, नाइट मोड चालू करा. मोठा कॅमेरा असेल तर स्पर्शाआधी आयएसओ १००, छिद्र एफ/८, वेळ १/२५० सेकंद. खग्रास स्थितीत आयएसओ ८००, एफ/५.६, वेळ एक ते दोन सेकंद, तिवईवर. त्याहून जास्त वेळ दिलात तर २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये चंद्र सरकलेला दिसेल. आणि ९.१५च्या सुमारास, अर्धा चंद्र झाकलेला असताना एक चांगला स्पष्ट फोटो नक्की घ्या. तो १ जानेवारीला लागेल.

१ जानेवारीचं काम

तो फोटो छापून घ्या, चंद्राचा व्यास कागदावर ५ सेंटिमीटर येईल असा. सावलीच्या कडेवर पेन्सिलनं तीन ठिपके द्या, दोन टोकांना आणि एक मध्ये. ठिपके दोन रेघांनी जोडा, प्रत्येक रेघेचा लंबदुभाजक काढा. शाळेतला कंपास कपाटातून बाहेर काढायला हे निमित्त. दोन्ही लंबदुभाजक जिथे छेदतात ते पृथ्वीच्या सावलीचं केंद्र. बहुधा ते फोटोच्या बाहेर, टेबलावर पडेल, म्हणून खाली मोठा कागद चिकटवून घ्या. तिथून कंपासनं पूर्ण वर्तुळ काढा.

त्या वर्तुळाचा व्यास मोजा आणि ५नं भागा. उत्तर साडेदोन-पावणेतीनच्या आसपास यायला हवं. कड पुसट असते, तेव्हा २.३ आलं किंवा ३ आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. आता त्यात एक मिळवा. सूर्य मोठा असल्यानं पृथ्वीची सावली मागे निमुळती होत जाते आणि चंद्राच्या अंतरापर्यंत साधारण एका चंद्राएवढी आक्रसते. तो एक परत द्यायचा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अरिस्टार्कसनं याच वाटेनं हिशेब मांडला होता.

माझ्या भाच्याचं उत्तर २०२५च्या एका उसन्या फोटोवरून ३.४ आलं होतं. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, भागाकार ३.६७. या वेळी फोटो स्वतःचा असेल, म्हणून तो म्हणतो ३.६च्या खाली येणार नाही. नाही आलं, तर पुढची संधी २१ डिसेंबर २०२९ला पहाटे, खग्रास स्थिती ३.४५ ते ४.३९. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर झोपायचं आणि शुक्रवार उजाडायच्या आत उठायचं, असं मी वहीत लिहूनही ठेवलंय.